अडकलेली कानबाई

गावाहून, ता. पारोळा
४ जुलै २०२५

ताईबाई अक्का,

धाकट्या जावेचा नमस्कार. अक्षर ओळखून पाकीट चुलीत टाकायच्या आधी एवढं वाच. यात वाटणीचं काही नाही. मी आजारीही नाही, म्हणजे तेवढा आनंदसुद्धा तुला देता येत नाही.

फोनच केला असता. पण फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलंय. पोस्टमन वनाला ब्लॉक करायचं बटण अजून निघालं नाही.

समीक्षाचा मला फोन आला होता. सुनेवर चिडू नको, तिनं तुझी चुगली केली नाही. ती नुसती रडली. रडता रडता जे सांडलं ते मी गोळा केलं. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिलीय चोवीस ऑगस्टची. आणि तुला पोर हवंय तीन ऑगस्टला, कानबाई देवी बसते त्या रविवारी. पोट कापून. ती डॉक्टरीण नाही म्हणाली, तर तू दुसरा डॉक्टर गाठलास.

नियम मला सांगू नको, तो मी भोगतेय. आपल्या घरात सणाच्या दिवशी मयत झालं की सण अडकतो, आणि त्याच सणाला घरात जन्म झाला की सुटतो. माझा निंबा गेला तो कानबाईच्या रविवारी, तुझ्या ओसरीत, ताट पुढ्यात असताना. देवी चौरंगावर नथ घालून बसलेली, आणि आपण सगळ्या ऊर बडवतोय. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तुझ्याकडे ना चौरंग, ना रोटाचा नैवेद्य, ना गाणी. आणि भेटेल त्याला तू सांगतेस, "तिना नवरानी मनी कानबाई अडकाई." जसं काही तो पंचांग बघून गेला.

अक्का, पोराचं वजन कमी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण नसताना ओढू नका, छाती तयार व्हायला वेळ लागतो. आपल्याकडचा केळीचा घड नाही तो, की कच्चा उतरवला आणि रायपनिंग चेंबरला लावला.

मी दुसरी वाट शोधते. कुठंतरी लिहिलेली असेलच. सापडेपर्यंत तिला हात लावू देऊ नको.

तुझी (तू मान की नको मान)
भिकुबाई


१२ जुलै

अक्का,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

मी पारोळ्याच्या वाचनालयात गेले होते. हस. सातवी पास बाई, आयुष्यात पेपर वाचला तो भजी गुंडाळलेला. तिथं रतिलालभाऊ म्हणून बसतात, चष्मा कपाळावर आणि नजर टेबलावर. म्हणाले, "काय पाहिजे, बाई? पोथी?"

"कानबाईचा कायदा पाहिजे."

"कायदा?"

"अडकलेली कानबाई कशी सुटते, ते कोणी लिहिलंय का?"

माणूस एकदम उठून उभा राहिला. म्हणाले, सात वर्षांत तुम्ही पहिल्या, नाहीतर येतात ते सगळे स्पर्धा परीक्षावाले. काचेचं कपाट उघडलं. खानदेशातल्या व्रतांची, गाण्यांची, देवदेवतांची पुस्तकं, कोणाला वाळवी, कोणाला मुखपृष्ठ नाही. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. दुपारी भाकरीसुद्धा तिथंच खाल्ली, एस.टी. स्टँडवर खायला लाज वाटते, वाचनालयात नाही वाटली.

गाणी आहेत गं, ढीगभर. सासूबाई म्हणायच्या ती चार तर शब्दाला शब्द. पण कायदा एका पुस्तकात एक, दुसऱ्यात भलताच. मी वैतागले. तर रतिलालभाऊ म्हणतात, "बाई, एका ठिकाणी सापडली तर ती गोष्ट. दोन ठिकाणी सापडली तर रूढी."

"आणि तीन ठिकाणी?"

"मग तिसऱ्यानं पहिल्याचं बघून लिहिलं."

आता कामाचं. एका पुस्तकात लिहिलंय की त्या दिवशी घरची गाय व्याली तरी सण सुटतो. जन्म तो जन्म. माझी चांदी गाभण आहे आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच व्यायची आहे! आता तूच सांग, देवी कुणाच्या बाजूनं आहे?

आणखी एक पान सापडलं. ते वाचून मी पुस्तक मिटलं. भाऊंनी विचारलं, "मिळालं का काही?" मी नाही म्हटलं. त्याचं काही एवढं नाही.

नानांची तब्येत कशी आहे? समीक्षा म्हणत होती, सासऱ्यांना झटका आल्यापासून शब्द फुटत नाहीत पण श्रावण जवळ आला की "कानबाई, कानबाई" एवढंच बोलतात. मला कळतं, अक्का. तुला घाई कशाची आहे ते कळतं. त्यांनी डोळ्यांनी एकदा चौरंग बघावा, एवढंच ना?

पण एकाला दाखवायला दुसऱ्याला कापू नये.

भिकुबाई


२० जुलै

अक्का,

आपला पुना रोज पहाटे भाजी घेऊन धुळ्याला जातो, त्याच्या हाती मागची चिठ्ठी तुला धाडली होती ती गाईचं नक्की करायला. तू त्याला दारातच म्हणालीस, "गाय तिनी, घर मनं. ते कसं चाली?"

वा गं वा. निंबा मेला तेव्हा तो तुझ्या घरातला होता. गाय व्याली की ती माझ्या घरातली! आपला रोट एक आहे ना? रोटाच्या पिठात माणशी सव्वा मूठ पडते त्यात माझी मूठ आहे ना? मग माझं मेलेलं तुझं, तर माझं जन्मलेलंही तुझं.

हे मी तुला कधी पटवू शकेन असं वाटत नाही, म्हणून फोनवर शोधलं. मला टाइप करता येत नाही, माइकचं चित्र दाबून बोलते. पहिल्यांदा अहिराणीत विचारलं तर त्यानं मला बैलगाडीची शर्यत दाखवली. मग शाळेतल्या बाईंसारखं बोलले, तेव्हा आलं.

शहाद्याकडचा एक गडी व्हिडिओत छाती पुढं काढून सांगतो की मुलगाच झाला पाहिजे, मुलीनं सण सुटत नाही. खाली दुसरा लिहितो, कानबाई स्वतःच लेक, तिला लेक का चालणार नाही. त्याच्या खाली तिसरा पहिल्याच्या आईवर गेला. मग मी खानदेशी लोकांच्या एका ग्रुपात प्रश्न टाकला. तीन दिवस नुसती हाणामारी चालली आहे. म्हैस व्याली तर चालते का, असं मी विचारलं, तर एका प्राध्यापकांनी मला हात जोडलेलं चित्र पाठवलं. पण खरं सांगते, म्हशीचं कुठंच लिहिलेलं नाही. एवढी पुस्तकं, एकालाही म्हैस दिसली नाही.

थट्टा बाजूला. शहाद्याच्या गड्याचं खरं मानलं आणि मुलगी झाली तर? पोट कापलंस, पोर काचेच्या पेटीत ठेवलंस, आणि सण अडकलेला तो अडकलेलाच. तेव्हा काय करशील? आणि मुलगीही चालते असं तू म्हणत असशील, तर नियम तुझ्यासाठी वाकतो, मग गाईसाठी का नाही वाकत?

ग्रुपात शिरपूरकडच्या बेबाबाई म्हणून एक म्हातारी आहे. भांडत नाही. मला आवाज पाठवला तिनं, मोठा. तो मी दोनदा ऐकला. तिचं तेच म्हणणं निघालं जे मी त्या दिवशी पुस्तकात मिटलं होतं.

जाऊ दे. गाईवर भरवसा ठेवू. चांदीची कास भरत आलीय.

भिकुबाई


२९ जुलै, नागपंचमी

अक्का,

चांदी काल व्याली. गोऱ्हा झाला. सुंदर आहे, कपाळावर टिळा आहे आणि अक्कल नाही. सहा दिवस थांबला असता तर त्याचं काय जात होतं?

मी परवा जळगावला जाऊन आले. तिथल्या लायब्ररीत. खोटं नाही बोलत, लायब्ररीतही गेले.

समीक्षाला तिच्या माहेरी भेटले. पाय सुजलेत पोरीचे, बोटांतून जोडवी निघत नाहीत. मला म्हणाली, "काकू, सापडलं का?" मी म्हटलं, शोधतेय. तिनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. मी म्हटलं, आजीवर गेलंय, आल्याआल्या हाकलतंय. ती हसली आणि लगेच रडली. म्हणाली, "त्याला अजून आत राहायचंय, काकू. मला कळतं ना." तिची आई दारात उभी राहून पदर पिळत होती, "विहीणबाईंना नाही कसं म्हणू हो?" आणि समाधान! तुझ्यापुढं तुझ्या लेकाचं तोंड म्हणजे सोमवारचं बंद दुकान. "आई म्हणते ते..." एवढंच. मी म्हटलं, "आई म्हणते ते बरोबर, की आई म्हणते ते चूक?" तर मोबाइलमध्ये बघायला लागला.

गुरुवारी तो तिला तुझ्याकडे देवपूरला आणणार, शनिवारी दवाखान्यात भरती. सगळं ठरलेलं आहे. मला रात्री झोप नाही, अक्का. डोळा लागला की ओसरीत निंबा बसलेला दिसतो, आणि त्याच्या ताटात काचेची पेटी.

आता ते पान सांगते. आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, कारण त्यात माझं नुकसान आहे, आणि मला वाटलं गाईवर भागेल.

पुस्तकात लिहिलंय: ज्यांचा रोट वेगळा, त्यांचं मयत वेगळं. ज्या घरातला माणूस सणाच्या दिवशी मेला, ते घर रोटातून बाहेर काढायचं. पीठ घेताना देवीच्या नावानं मुठी मोजतात, तेव्हा त्या घराचं नाव घ्यायचं नाही. बस. बाकीच्यांची कानबाई त्याच घटकेला मोकळी. अडकून राहते ती फक्त बाहेर काढलेल्याची. बेबाबाईनंही तेच सांगितलं, त्यांच्या भाऊबंदकीत असं झालेलं आहे, आणि तिनं ते पुस्तक वाचलेलं नाही, तिला वाचताच येत नाही. म्हणजे दोन ठिकाणी सापडलं. रतिलालभाऊंच्या हिशेबानं ही रूढी झाली.

फक्त एक आहे. एकदा वेगळं झालं की त्या दोन घरांनी एकमेकांचा रोट खायचा नाही. सुतक नाही, सोयर नाही. पुन्हा जोडता येत नाही.

अक्का, लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या श्रावणात सासूबाई पीठ घ्यायला बसल्या. एकेकाचं नाव आणि सव्वा मूठ. आधार, ताईबाई, निंबा. मग थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भिकु." लग्नातले फेरे मला आठवत नाहीत, पायात काटा होता. मी या घरची झाले ती त्या मुठीत.

नऊ वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, पण मनात असायचं, कधीतरी कानबाई सुटेल, तू नाक वर करून पीठ घ्यायला बसशील आणि तुला माझं नाव घ्यावंच लागेल. त्याची मी वाट बघत होते. खरं सांगते.

काढ मला. मला आणि निंबाला. तुझी देवी मोकळी होईल, नाना डोळ्यांनी बघतील, आणि पोर त्याच्या वेळेला येईल. बदल्यात एकच. शनिवारी तिला दवाखान्यात नेऊ नको.

भिकुबाई


३१ जुलै

अक्का,

पुनानं पत्र तुझ्या हातात दिलं. मी त्याला दहा वेळा विचारलं, "वाचलं का?"

"चष्मा लाया तिनी."

"मग?"

"मंग काय, काढा."

"काही बोलली?"

"कोथिंबीरना भाव इचारा."

अक्का, आज मी थट्टा करत नाही. हवं तर त्या पुस्तकाचं पान बघायला रतिलालभाऊंकडे चल, भाडं मी देते. बेबाबाईचा आवाज ऐकायचा असेल तर मला अनब्लॉक कर, पाठवते आणि पुन्हा ब्लॉक कर. मी काही बोलणार नाही. तुला वाटत असेल भिकुबाई नेहमीसारखी काहीतरी रचतेय. सासूबाईंच्या पानात चुना जास्त घातला होता मी, दुपारच्या झोपेत तुझी वेणी खाटेला बांधली होती मी, ते खरं. पण देवीच्या नावानं मी कधी खोटं बोलले नाही.

समीक्षा आज तुझ्या घरी पोचली असेल. तिचा फोन लागत नाही. घेऊन ठेवलायस का?

पुना उद्या पहाटे येईल. त्याच्याजवळ हो की नाही एवढं सांग. कोथिंबीर फुकट घे.

भिकुबाई


५ ऑगस्ट

अक्का,

समीक्षानं मला सगळं दाखवलं, व्हिडिओ कॉलवर, मोबाइल हळदीकुंकवाच्या डब्याला टेकवून. तुला माहीत होतं की नव्हतं, ते मी विचारत नाही. पण तू दोनदा मोबाइलसमोरून उठलीस आणि दोनदा चौरंग नीट दिसेल अशी बाजूला सरकून बसलीस.

शनिवारी सकाळी मी अंघोळही केली नव्हती, नुसती मोबाइल धरून बसलेली. दवाखान्यात जायची पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली दिसत होती. तू परात घेऊन बसलीस. नानांचं नाव घेतलंस, आधार. सव्वा मूठ. ताईबाई, समाधान, समीक्षा. मग थांबलीस. मला वाटलं, आता माझं नाव घेते की काय. घेऊ नको, घेऊ नको, असं मी इकडे मोबाइलला सांगत होते, आणि आतून दुसरंच म्हणत होते.

मग तू आणखी सव्वा मूठ घातलीस आणि सुनेच्या पोटाकडे बघून म्हणालीस, "हाई त्यानं. येई तवय खाई." आणि समाधानला म्हणालीस, ती पिशवी आत ठेव.

मी मोबाइल खाली ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसले.

नानांना तेवढा एक शब्द फुटला ना, मुठी कमी पडल्या म्हणून, "निंबा?" आणि तू म्हणालीस, "तो येगळा निंघना." बरोबर बोललीस. त्यांना दुसरं काय सांगणार. पण ऐकलं आणि मला वाटलं, नऊ वर्षांपूर्वी मेला होता त्याच्यापेक्षा आज जास्त गेला.

रविवारी गल्लीतल्या बायकांनी तुझ्याकडे फुगड्या घातल्या, तू गाणं अर्ध्यात विसरलीस, तिसरं कडवं खाल्लंस. मला पाठ आहे, पण मी आता बाहेरची. सोमवारी विसर्जनाला पांझरा नदीवर देवी डोक्यावर घेऊन निघालात, तेव्हा नाना खुर्चीत हात जोडून बसले होते. ते बघितलं. भरून पावले.

खीर, पुरणपोळी, गंगाफळाची भाजी, सगळं पुनाबरोबर पाठवशील या आशेवर मी नव्हते. पाठवू नकोच. नियम तो नियम.

एक मात्र आता लक्षात आलं. तुझी कानबाई सुटली, माझी अडकलेलीच. माझ्या घरात त्या रविवारी जन्म झाला तरच सुटायची. लेक सासरी, नवरा वर, गाय बेभरवशाची. म्हणजे आता मलाच बाळंत व्हावं लागेल. तुझा तो दुसरा डॉक्टर एवढा तयारीचा आहे, तर त्याला विचारून ठेव.

पोरीला जपा. चोवीसपर्यंत मला काही सुचणार नाही.

भिकुबाई


२३ ऑगस्ट

अक्का,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, पिशवीत घालून आणते. तुझ्याशी तोंडानं बोलायला बसले की आपण भांडतो, म्हणून वाचून घे आणि मग बोल.

काल तुझा फोन आला तेव्हा नंबर बघून मी कांदा चिरायची थांबले. नऊ वर्षांनी.

"भिकु?"

"कोन बोली राहिनं?" मी मुद्दाम विचारलं. तुला माहीतच आहे मी कशी आहे.

"मी शे. आंडेर व्हयनी."

लेक झाली! मी विचारलं, रडली का? तू म्हणालीस, बठ्ठा, सगळा दवाखाना उठाडा तिनी. वजन चांगलं आहे, आपोआप कळा आल्या, कुठं कापावं लागलं नाही, समीक्षानं चहा मागितला. हे सगळं तू एका दमात सांगितलंस, जशी काही पोर तूच अडवून ठेवली होतीस.

मला वाटलं, आता फोन ठेवशील. तर तू विचारलंस, "तुले सोयर शे का?"

"माले कसाले राही? मी रोटाबाहेरनी."

"मंग ये," म्हणालीस. "आम्हले बठ्ठासले दहा दिन सोयर शे. देवले हात लावता येत नही. दिवा कोन लाई?"

आणि ठेवलास. हो म्हणायलाही थांबली नाहीस.

शेजारच्या कुणालाही सांगता आलं असतं, अक्का. देवपूरला दिवा लावणाऱ्या बायकांचा काय तोटा आहे? तू ते बोलली नाहीस, मीही बोलत नाही.

दुपारच्या गाडीनं निघते. गोऱ्ह्याला आणि चांदीला पोस्टमन वना बघेल. तेलाची बाटली खालच्या फळीवर काढून ठेव, वर माझा हात पोचत नाही. माझं अंथरूण ओसरीत घाल, निंबा जिथं बसला होता तिथंच, मला भीती वाटत नाही. आणि अकराव्या दिवशी मला जा म्हणायचं असेल तर कागदावर लिहून दे. तोंडी सांगितलेलं मला अलीकडे ऐकू येत नाही.

भिकुबाई